दादाचा वेग

हळू बोल! हळू बोल! जो उठतो तो मला हेच सांगतो. आई म्हणते, "अरे श्वास तरी घे," दुकानाचा मालक म्हणतो, "गिऱ्हाइकाला कळेल असं बोल, उतारावर निसटलेल्या चाकासारखा काय सुटतोस," आणि काल तर फोनवर कुणी अनोळखी बाई, काय विकत होती देव जाणे, तीसुद्धा म्हणाली, "सर, थोडं हळू बोलाल का?" आता तुम्हीही तेच म्हणणार, दिसतंय तुमच्या तोंडावर. पण तुम्हाला सांगतो, हा वेग माझा नाहीच. हा दादाचा वेग. त्याला जाऊन पाच आठवडे झाले, आणि हा माझ्याकडे राहिलाय... परत कुणाला करू?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नऊ वर्षांनी मोठा. पंख्याच्या, पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांत नवीन तार भरायचा. केसासारखी तांब्याची तार, हजार-हजार वेढे, एक चुकला तर सगळं पहिल्यापासून. असलं बारीक काम करणाऱ्या माणसाचे डोळे जावेत? गेले! आधी कडेचं दिसेना, मग मधलं दिसेना, मग सव्विसाव्या वर्षी सगळाच दिवा बंद. आणि मी? मी तेव्हा सतरा वर्षांचा, टायरच्या दुकानात पंक्चर काढत होतो. शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे काय, मास्तरांनी मला डस्टर फेकून मारलं, मी ते उचलून परत फेकलं. त्यांचा नेम चुकला होता, माझा नाही चुकला. झालं शिक्षण!

म्हणजे बघा, घरात दोन भाऊ. एकाला वाचता यायचं पण दिसायचं नाही, दुसऱ्याला दिसायचं पण वाचता यायचं नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात ना? दादा लोकांना सांगायचा, "मलाही दोन दिले हो, पण दोन्ही चौथी नापास!" लोक हसायचे. मीपण हसायचो. मला राग यायचा का? यायचा. पण हसायचो.

तर कॉम्प्युटर. एक ऑफिस बंद पडलं, सामान बाहेर काढून ठेवलं होतं, तिथून मी हातगाडीवर घालून आणला. आई म्हणाली, "एकाला दिसत नाही, एकाला वाचता येत नाही, याची पूजा करायची का?" पण दादा आंधळ्यांच्या क्लासला जायचा तिथल्या बाईंनी त्याला एक पेन ड्राइव्ह दिला होता. त्यात एक प्रोग्रॅम. तो टाकला आणि तुम्हाला सांगतो, तो खोका बोलायला लागला! जिथे बोट पडेल ते अक्षर बोलणार, जी ओळ येईल ती वाचणार. दादा दिवसभर उठला नाही खुर्चीवरून. संध्याकाळी मला म्हणाला, "चार वर्षांनी मी आज स्वतः काहीतरी वाचलं. आणि हे सगळं फुकट बरं का!"

हे त्याचं पालुपद. आणि हे सगळं फुकट बरं का! जगात कुठे कुठे बसलेली माणसं, एकमेकांना न ओळखणारी, रात्रंदिवस खपून असले प्रोग्रॅम बनवतात आणि वाटून टाकतात, याचं त्याला इतकं अप्रूप, इतकं अप्रूप की शेजारी नुसतं "काय, बरं आहे ना?" विचारायला आला तरी हा त्याला अर्धा तास तेच ऐकवायचा. पत्र लिहायचं? आहे एक, फुकट. गाणी ऐकायची? आहे एक, फुकट. आवाज भरून ठेवायचा, कागदाचा फोटो काढून त्यातली अक्षरं सोडवून घ्यायची, परक्या भाषेतलं आपल्या भाषेत करून घ्यायचं, सगळं फुकट! आणि मग काय झालं... ऐका तर खरं. गल्लीतली चष्मेवाली, डोळे शाबूत असलेली, शिकलीसवरलेली माणसं आमच्याकडे रांग लावायला लागली. कशाला? आंधळ्याकडून वाचून घ्यायला! औषधाच्या बाटलीतला तो मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांचा कागद असतो ना, तो घेऊन यायचे. मी तो स्कॅनरच्या काचेवर सरळ ठेवायचो, यंत्र त्याचा फोटो काढायचं, दादा कानाला हेडफोन लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "काकू, ही गोळी जेवणाआधी घ्या, आणि घेतल्यावर गाडी चालवू नका." काकू म्हणायच्या, "मला कुठे येते गाडी!" आणि उठताना म्हणायच्या, "किती द्यायचे?" की हा लगेच सुरू, "फुकट बरं का!"

माझं काम काय? चित्रं सांगायची. पडद्यावर चौकोनी चौकोनी चित्रं असतात ना, ती त्याला दिसत नव्हती. त्याला गरजही नव्हती म्हणा, त्याचं सगळं बटणांवर चालायचं. पण हौस! "कसं आहे रे ते गाणी वाजवणारं?" मी सांगायचो, "रस्त्याचं काम चालू असतं तिथे तो नारंगी-पांढरा शंकू ठेवतात ना, तसं." "आणि इंटरनेटचं?" "मांजर आहे, शेपटीला आग लागलेली." तो इतका हसला होता... नंतर कुणीतरी सांगितलं की मांजर नाही, कोल्हा आहे. पण दादा शेवटपर्यंत मांजरच म्हणायचा.

आता वेगाचं सांगतो. तो बोलणारा आवाज हळू-जलद करता येतो. सुरुवातीला माणसासारखा बोलायचा. मग दादाला तो संथ वाटायला लागला. दर महिन्याला एक घर पुढे, एक घर पुढे. सहा वर्षांत काय झालं असेल? टिर्रर्रर्रर्र! आमच्या दुकानात नट उघडायची हवेची बंदूक आहे, तशी. मी म्हणायचो, "दादा, हळू कर ना, मला काहीच कळत नाही." तो म्हणायचा, "तुझ्यासाठी हळू केलं तर मी म्हातारा होईन रे." आख्खं पुस्तक दुपारी जेवणानंतर संपवायचा. टिर्रर्रर्र चालू आणि हा मध्येच खो खो हसतोय, मध्येच डोळे पुसतोय. तुम्हाला सांगतो, ते डोळे बघायच्या उपयोगाचे नव्हते, पण रडायला शाबूत होते.

आणि त्याचं दुसरं वेड म्हणजे मला वाचायला शिकवायचं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी पडद्यावर मोठ्ठ्या अक्षरांत एक ओळ. मी बोट ठेवून वाचायचं, तो एका कानाने यंत्राचं ऐकणार, दुसऱ्या कानाने माझं, आणि चुकलो की टेबलावर टिचकी. टक! परत. टक! परत. त्या दिवशी मला उशीर झालेला, दारात आमच्या दुकानातला लंबू मला न्यायला येऊन उभा, आणि मी एका शब्दावर चार वेळा टक खाल्ली. लंबू हसला. दादाही हसला.

आणि माझी जीभ सुटली. डस्टरसारखीच... मी म्हणालो, "आंधळ्याने शिकवायचं आणि अडाण्याने शिकायचं, तमाशा लावलाय नुसता! तुझे डोळे होता होता माझं आयुष्य गेलं!" आणि दार आपटून गेलो.

नेम माझा चांगला आहे, सांगितलं ना तुम्हाला.

दुपारी आईचा फोन. मी जॅकवर गाडी तशीच टांगती ठेवून धावलो. दादा खुर्चीत बसलेला. हेडफोन कानात, मान जरा खाली, उजवा हात बटणांवर. आईला वाटत होतं काम करतोय. जेवायला हाक मारली, दोनदा मारली, तेव्हा जवळ गेली. हृदय, डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंही नसेल म्हणाले. मी हेडफोनची वायर ओढली आणि आवाज बाहेर आला... त त त त त त त! त्याचं बोट त्या एका अक्षरावर होतं. यंत्राला काय माहीत? त्याला वाटलं, मालक लिहितोय. पडद्यावर खालपासून वरपर्यंत नुसता त. मी त्याचा हात उचलला, तेव्हा तो थांबला.

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की त्या सगळ्या 'त'च्या वर काहीतरी लिहिलेलं आहे. सरकवत सरकवत वर गेलो. चार पानं! पहिला शब्द मला वाचता आला. धा-क-ट्या. घरात मला धाकट्याच म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मग वाचून घ्यायचं कुणाकडून तरी. वा! त्याने मला लिहिलेलं, तेही मी सकाळी तसं बोलल्यावर, आणि ते वाचणार कोण, लंबू? नाही म्हणजे नाही. यंत्र वाचेल. एक बटण दाबलं की वाचतं, तेवढं मला माहीत होतं. दाबलं. टिर्रर्रर्रर्र! चार पानं मिनिटभरात खलास, आणि मग त त त त. हळू कसं करतात ते मला माहीत नव्हतं. ते फक्त दादाला माहीत होतं.

आणि बंद करायचीही सोय नाही! का? तर एकदा मी वायरीत पाय अडकून प्लग उपसला होता आणि दादाचं दिवसभराचं लिहिलेलं गेलं होतं. तेव्हा त्याने मला बजावलं होतं, "हे चालू असताना प्लगला हात लावायचा नाही. लिहिलेलं मरतं." लिहिलेलं मरतं! हा शब्द त्याचा. मग काय, तीन आठवडे कॉम्प्युटर चालूच. प्लगला मी चिकटपट्टी मारली. पाय लागू नये म्हणून टेबलाभोवती चार जुने टायर लावले. मिक्सर बंद, इस्त्री बंद, फ्यूज उडाला तर? आई पाट्यावर वाटत होती आणि म्हणत होती, "एक गेला, दुसरा वेडा झाला." मी तिथेच खाली झोपायचो.

आणि मग गल्लीत कागद लागला. खांबाचं काम, उद्या सकाळी नऊ ते पाच वीज बंद. कॉम्प्युटरखाली तो बॅटरीचा डबा असतो, वीज गेल्यावर थोडा वेळ चालवतो, तो किती वेळ? पंधरा मिनिटं. आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, पांढरा कोट घालून बसतो म्हणून, तो घरी येत नाही. त्याचं दुकान वीस मिनिटांवर. चालत वीस. धावत? धावत तेरा होतील की!

लंबू म्हणाला, "वेडा आहेस का?" पण आला. दुकानातली टायरची ढकलगाडी आणली. तिच्यात बॅटरीचा डबा, त्यावर खोका, त्यावर दादाची उशी, उशीवर पडदा, स्पीकर, आणि सगळं ट्यूबच्या रबराने आवळलेलं. प्लग मी काढला. डबा म्हणाला, पीक! आणि पळालो! पुढे लंबू, "बाजू, बाजू!", मागे मी, गाडीत दादाचं यंत्र टिर्रर्रर्र, डबा पीक पीक पीक, लोक खिडक्यांतून बघतायत, एक म्हातारे गृहस्थ थांबून विचारतात, "पेशंट आहे का?" मी म्हणालो, "हो!"

चौकातला चढ. तो मी धरलाच नव्हता. पीक पीकचं पीऽऽऽ झालं, आणि पडदा काळा. टिर्रर्र बंद. तुम्हाला सांगतो, दादा गेला तेव्हा मी रडलो नव्हतो, सगळे म्हणत होते हा दगड आहे. तिथे, रस्त्याच्या मधोमध, मागे गाड्यांचे भोंगे, मी त्या खोक्याला मिठी मारून असा रडलो, असा रडलो की लंबूने गाड्या अडवून धरल्या. "मारलं मी," मी म्हणत होतो. "दुसऱ्यांदा मारलं."

लंबूनेच ढकलत नेलं डॉक्टरकडे. डॉक्टर शांत. वायर लावली, बटण दाबलं, आणि पडदा बघून म्हणाला, "विचारतोय, मागच्या वेळी अचानक बंद पडलो, तुमचा कागद परत आणू का?" मी म्हणालो, "म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे काय! हा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी आपणहून जपून ठेवतो. जुन्यात नव्हतं, नव्यात आहे. आणि हे सगळं फुकट आहे, तुम्हाला माहीत नव्हतं?"

तीन आठवडे! आईचे हात पाट्यावर सोलवटले! आणि ते यंत्र दर दहा मिनिटांनी मुकाट्याने दादाला जपत होतं!

आला कागद. डॉक्टर म्हणाला, "चार पानं मजकूर, पुढे अकरा पानं नुसता त. हा कचरा काढून टाकू?" मी म्हणालो, "हात लावून बघ!" लंबूने मला धरलं. मग आवाज सुरू झाला, टिर्रर्रर्र, डॉक्टर दचकला, "बिघडलाय का हा?" आणि माझं 'थांब' तोंडातून निघायच्या आत त्याने दोन-तीन बटणं टकाटक दाबली, आणि आवाज हळू झाला. एकदम हळू. माणसासारखा. दुकानात पाच गिऱ्हाइकं, सगळी ऐकतायत, आणि तो आवाज म्हणतोय...

"धाकट्या, हा कागद तुझ्यासाठी. तुला नावं वाचता येत नाहीत म्हणून चित्रांवरून सांगतो. मी ही चित्रं पाहिलेली नाहीत, तू सांगितलीस तशी लिहितो, चुकली तर दोष तुझा. नारंगी शंकू. गाणी, सिनेमे, काहीही दे, वाजवतो, कधी नाही म्हणत नाही, तुझ्या अगदी उलट. शेपटीला आग लागलेलं मांजर. यातून जगात कुठेही जाता येतं, पण कुणी बक्षीस लागलं म्हणालं तर दाबू नकोस, तू दाबशील. निळे हेडफोन. यात आवाज भरून ठेवता येतो, आईची गाणी मी भरली आहेत, तिला माहीत नाही." गिऱ्हाइकं हसतायत, एक बाई तर वहीत लिहून घ्यायला लागली! मीपण हसतोय. माझेच शब्द होते ना ते, सहा वर्षांत मी बडबडलेले, सगळे जसेच्या तसे. "आता मला वाचून दाखवणारं. हे तुला फार जलद वाटेल. हळू करायचं असेल तर कोपऱ्यातलं बटण दाबून धर आणि..."

बघा! हळू कसं करायचं ते त्याने लिहून ठेवलं होतं! कुठे? त्याच कागदात! जो हळू केल्याशिवाय कळणारच नव्हता! हुशार माणूस हो, पण त्याच्या डोक्यातच आलं नाही की कुणाला टिर्रर्र कळणार नाही. त्याला वाटायचं, मी ऐकतच नाही...

आणि मग तो आवाज म्हणाला, "हे झालं यंत्राचं. आता सकाळी तू जे बोललास त्याबद्दल."

मी प्लग उपसला.

काय करू? हात आपोआप गेला. डॉक्टर ओरडला, लंबू ओरडला, वहीवाली बाई म्हणाली, "अहो, आता तर रंगात आलं होतं!" मी गाडी भरली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी खांबाचं काम झालं, वीज आली, मी लावला कॉम्प्युटर, कागद जसाच्या तसा परत आला. मिक्सरसुद्धा लावला, आई खूश. पण आवाज तसाच, डॉक्टरने केलेला, हळू, कुणा परक्याचा. मी डॉक्टरला फोन केला, "दादाचा वेग किती होता?" तो म्हणाला, "बघितला नाही हो. वेग काय, कुठलाही ठेवा." कुठलाही! मग मीच कानाने लावायला बसलो. कोपऱ्यातलं बटण धरून एकेक घर पुढे... इतका? नाही, याहून जलद. इतका? नाही, हा फार झाला, इथे दादा हसू शकला नसता. आई स्वयंपाकघरातून सांगत होती, "अजून थोडं... अजून... हां, थांब! हा त्याचा!" आणि तीही पदर तोंडाला लावून उभी.

आता रोज संध्याकाळी कामावरून आलो की तो कागद लावतो. टिर्रर्रर्र. शंकू जातो, मांजर जातं, हेडफोन जातात, मग ते सकाळचं येतं आणि जातं, काय ते कळत नाही. मग त त त त त. अकरा पानं. तेवढं मात्र नीट कळतं मला, ते त्याच्या बोटाचं आहे.

लंबू म्हणतो हळू कर. आई म्हणते हळू कर. कोपऱ्यातलं बटण, बस्स, आता तर मला येतंसुद्धा. तुम्हीही तेच म्हणणार, हळू कर म्हणजे कळेल.

अहो, कळेल म्हणूनच तर करत नाही!